पाचवा खेळाडू वरच्या मजल्यावर

खोका शेवटी आला, पण घरी आला नाही. तो पार्सल कार्यालयात आला आणि तिथेच अडकला.

हेडक्लार्कांना ह्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. जी वस्तू कुठेच अडकत नाही ती महत्त्वाची नसते, असं त्यांचं इतक्या वर्षांच्या नोकरीतलं निरीक्षण होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते पार्सल कार्यालयात हजर झाले. तिथे जाळीच्या खिडकीमागे एक अधिकारी खोक्याकडे संशयाने बघत बसला होता.

"आत फासे आहेत," अधिकारी म्हणाला.

"आहेत."

"पत्तेही आहेत."

"असणारच."

"म्हणजे जुगार."

"छे हो! दीपगृह आहे."

अधिकाऱ्याने खोका उलटा केला. झाकणावर खवळलेला समुद्र होता आणि मधोमध एक दीपगृह. त्याने चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग विचारलं, "ह्यात जिंकणाऱ्याला काय मिळतं?"

"काही नाही."

"आणि हरणाऱ्याचं काय जातं?"

"काही नाही."

"मग माणसं खेळतात कशाला?"

हा प्रश्न हेडक्लार्कांना आजवर कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, "संध्याकाळ बरी जाते."

"तसं लिहून द्या."

लिहून द्या म्हटलं की हेडक्लार्कांना हुरूप येतो. त्यांनी तिथल्या तिथे उभ्याने लिहून दिलं, की सदर फाशांचा वापर केवळ संध्याकाळ घालविण्यासाठी करण्यात येईल व अन्य कोणत्याही प्रयोजनार्थ करण्यात येणार नाही. अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं. अक्षराची तारीफ केली, शिक्का मारला आणि खोका खिडकीतून पुढे सरकवला. दोन सरकारी माणसं एकमेकांना समजून घेतात तेव्हा काम असं झटक्यात होतं. जगात तशी माणसं कमी आहेत, म्हणून सगळा खोळंबा होतो.

आता हा खेळ काही दुकानातला नव्हता. तो लोकवर्गणीचा होता. म्हणजे खेळ करणारी मंडळी आधी सांगतात की आमच्या डोक्यात असा असा खेळ आहे. आपण आधी वर्गणी भरायची, ती पुरेशी जमली की ते खेळ बनवतात आणि घरपोच पाठवतात. हेडक्लार्क असे, की शर्ट अंगात चढल्याशिवाय शिंप्याशी नीट बोलत नाहीत. त्यांनी अशी वर्गणी भरली ती केवळ दादांच्या शब्दावर. दादा म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटे राहतात. बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले, पण नजर अजून निवृत्त झालेली नाही. घरात शिरले की आधी कुकरकडे बघतात. तेव्हा रोज संध्याकाळी चहाला खाली यायचे. अशाच एका संध्याकाळी हेडक्लार्कांच्या मुलीने दोघांना मोबाइलवर हा खेळ दाखवला, आणि दादा म्हणाले, "दिवा, तेल, दाब, वादळ. आपल्याच लाइनीतला आहे. मागव रे." हेडक्लार्कांनी मागवला.

खेळ वेळेवर आला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आधी चित्रकाराचा हात मोडला, मग फाशांचा रंग उडायला लागला, मग जहाज कुठल्याशा बंदरात अडकलं. दर वेळी माफीचा मजकूर यायचा, आणि हेडक्लार्क दर वेळी 'पत्र पोचले, नोंद घेतली' असं कळवायचे. ह्या सगळ्यात दीड वर्ष गेलं आणि त्या दीड वर्षात हेडक्लार्क इमारतीचे चिटणीस झाले.

चिटणीस झाल्याबरोबर त्यांनी नियमावली काढली. जिन्यात कोणतीही वस्तू ठेवू नये, असा नियम होता. जिन्यात वस्तू एकाच माणसाच्या होत्या. दादांच्या दारापुढे कुंड्या होत्या. दुसरं कुणी असतं तर वर जाऊन म्हणालं असतं, "दादा, कुंड्या आत घेता का जरा?" हेडक्लार्कांनी नोटीस काढली. 'श्री.' घालून, फ्लॅट क्रमांक घालून, 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की' अशी सुरुवात करून, आणि खाली 'आपला विश्वासू'. ज्यांनी आपल्याला खांद्यावर बसवून पोहायला नेलं, त्यांना आपण 'आपला विश्वासू' लिहितोय, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. मसुदा छान उतरला होता, त्या आनंदात ते होते.

दादांनी त्याच दिवशी कुंड्या आत घेतल्या आणि बोलणं बंद केलं. भांडले नाहीत, काही नाही. चहाला येईनासे झाले. जिन्यात समोरासमोर आले तर दादा विजेच्या मीटरकडे बघत खाली उतरायचे. हेडक्लार्कही मग मीटरकडेच बघायचे. दोघांना मिळून सगळ्या इमारतीची रीडिंग पाठ झाली असतील.

तर खोका घरी आला. समोरच्या दारातले दाताचे डॉक्टर वास लागल्यासारखे लगेच आले. डॉक्टर सल्ला द्यायला कधी पैसे घेत नाहीत. दवाखान्याबाहेर तर मुळीच नाही.

"मी म्हणत होतो, वर्गणी बुडाली," ते म्हणाले. "आली? मग माल खोटा असणार. फासे तपासलेत?"

"काय तपासायचं फाशात?"

"भरीव निघतात एका बाजूला. पाण्यात टाकून बघायचं असतं. वजनाची बाजू खाली जाते. एक ग्लास पाणी आणा."

मुलीने पाणी आणलं. डॉक्टरांनी एक फासा ग्लासात टाकला आणि भिंगातून बघितल्यासारखे बघत राहिले. फासा तळाला जाऊन बसला. ह्यातून काय सिद्ध झालं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, पण मान गंभीरपणे हलवली. मग ते तिघे झाकणावरच्या चित्राबद्दल बोलत बसले. तेवढ्यात हेडक्लार्कांची बायको आली, टेबलावर उष्टा ग्लास दिसला, तो तिने उचलला आणि सवयीने बेसिनमध्ये उपडा केला.

टक्क असा आवाज आला. फासा जाळीच्या भोकातून खाली गेला होता.

पुढचा तासभर जे झालं त्याचं वर्णन हेडक्लार्क आजही टाळतात. आधी त्यांनी तारेचा हूक घातला. तो फाशाऐवजी दुसरंच काहीबाही वर घेऊन आला. मग डॉक्टर म्हणाले, "सरका, हे आमचं काम आहे." समोरून आपला चिमटा आणि डोक्याला लावायचा दिवा घेऊन ते ओट्याखाली आडवे झाले. बेसिनखालचा वाकडा पाइप त्यांनी फिरवून उघडला. पाइपातलं सगळं पाणी हेडक्लार्कांच्या इस्त्रीच्या शर्टावर आलं, कारण ते मार्गदर्शन करायला बरोबर खाली बसले होते. "जरा मोठा आ करा," डॉक्टर पाइपाला म्हणाले. सवय. शेवटी चिमट्याच्या टोकाला फासा बाहेर आला, आणि डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरून म्हटलं, "मूळ शाबूत आहे."

"आता तरी खेळायचं का?" मुलगी म्हणाली. तिने पत्ते मांडले. दीपगृहाचा राखणदार, नावाडी, तेलवाली, सुतार आणि वेधशाळेची बाई, असे पाच जण. पाचापेक्षा कमी माणसांत खेळ सुरूच होत नव्हता. इथे माणसं चार होती.

"तळमजल्यावरच्या कुणाला तरी बोलावू," हेडक्लार्क म्हणाले.

"पाचवे दादा," बायको म्हणाली. ती ओटा पुसत होती आणि तिने मान वर केली नाही. "ते आले तर मी खेळायला बसेन. नाहीतर तुम्ही आणि डॉक्टर, त्या पाइपाला घेऊन बसा."

"ते येणार नाहीत."

"तुम्ही बोलवून बघितलंत?"

हेडक्लार्कांनी बोलवून बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर नोटिशीनंतरच्या प्रत्येक संध्याकाळी चहाच्या वेळेला त्यांचे कान जिन्याकडे असायचे. खेळ आला की दादा येतील, ह्या आशेवर त्यांनी ते दीड वर्षाचे माफीनामे आनंदाने वाचले होते. आता खेळ आला होता, आणि वर जायची छाती होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर ते वर गेले. जिन्यात दोन वेळा वाक्याची तालीम केली. 'दादा, खेळ आलाय, चला.' एवढंच वाक्य. दार उघडलं. समोर दादा, बनियनवर, हातात चष्मा. आणि हेडक्लार्कांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं: "उद्या सायंकाळी आमच्या निवासस्थानी एका खेळाची चाचणी आयोजित केली आहे. तरी आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे."

दादांनी दाराच्या चौकटीकडे बघत म्हटलं, "लेखी कळवा." आणि दार लावून घेतलं.

हेडक्लार्क खाली आले ते उड्या मारतच. "बोलले! लेखी कळवा म्हणाले!" ते कागद शोधू लागले. बायकोने कागद त्यांच्या हातातून काढून घेतला, तशाच ओल्या हाताने वर गेली, आणि उंबऱ्यातून म्हणाली, "दादा, उद्या सातला या. चहा ठेवते." दादा म्हणाले, "बरं."

एवढं सोपं होतं, हे हेडक्लार्कांना लागलं. त्यांनी त्या संध्याकाळी चहा घेतला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, तेही लागलं.

दादा सातला आले. धुतलेला सदरा, पायांत मोजे, म्हणजे पाहुण्यासारखे. चहा घेतला. हेडक्लार्कांच्या समोरची खुर्ची सोडून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. हेडक्लार्क नियमपुस्तिका घेऊन उभे राहिले आणि त्यांनी वाचन सुरू केलं.

इथे त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांच्या ऑफिसात जे परिपत्रक येतं त्याच्या पहिल्या पानावर कधीच काही नसतं. संदर्भ, मागचे संदर्भ, वरिष्ठांचे आभार आणि एक स्फूर्तिदायक परिच्छेद. खरा मजकूर दुसऱ्या पानापासून. त्यामुळे कोणताही कागद हातात आला की हेडक्लार्कांचा अंगठा आपसूक पहिलं पान उलटतो. इतकी वर्षं त्या अंगठ्याने कधी दगा दिला नव्हता.

"कलम एक," त्यांनी दुसऱ्या पानावरून वाचलं. "प्रत्येक खेळाडूस पाच पत्ते देण्यात येतील."

आणि खेळ सुरू झाला. सगळ्यांनी आपापले पत्ते छातीशी धरले. डॉक्टरांनी तर खुर्चीच फिरवून भिंतीकडे तोंड केलं. वादळ चढत होतं, दीपगृहाचं तेल दर फेरीला कमी होत होतं, आणि तेलाचे पत्ते जो तो दाबून बसला होता. मुलीने नावाडी होऊन दोरखंड मागितला तर तिच्या आईने "मला काय मिळेल?" म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याकडे फळ्या आहेत, पण ते दाखवणार नाहीत. हेडक्लार्कांच्या हातात तेलाचे तीन पत्ते होते. ते मनातल्या मनात इतके खूश होते की चेहऱ्यावर दुःख आणायला त्यांना कष्ट पडत होते.

दादा सगळं बोलणं पुतणीमार्फत करत होते. "चिटणिसांना सांग, त्यांची पाळी आहे." "बाबा, तुमची पाळी आहे." "त्यांना सांग, माहीत आहे." "काका, त्यांना माहीत आहे." पोरगी टेनिसचा सामना बघावा तशी इकडून तिकडे बघत होती.

मग दिवा विझला. पटावरचा पिवळा गोळा मुलीने उचलून खोक्यात टाकला. जहाज खडकावर आपटलं.

"ठीक आहे," हेडक्लार्क म्हणाले, "आता विजेता कोण?"

ते नियम चाळू लागले. विजेत्याचं कलमच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ज्याच्याकडे जास्त पत्ते तो विजेता, म्हणजे ते स्वतः. बायको म्हणाली, डॉक्टरांनी फासा बोटाने फिरवला, तिने बघितलं. डॉक्टर म्हणाले, ह्या घरात फासे गटारात टाकतात आणि वर बोलतात. मुलगी म्हणाली, जाऊ दे, मी अभ्यासाला बसते. चाचणी अशी रंगात आलेली असताना दादा उठले. हेडक्लार्कांना वाटलं, गेले आता, परत यायचे नाहीत.

दादा दाराकडे गेले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "ते पुस्तक दे बरं," ते पुतणीला म्हणाले. पुस्तक हातात घेतलं, चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं. बॉयलरच्या पुस्तकात पहिल्या पानावर 'हा कॉक आधी उघडावा, अन्यथा स्फोट होईल' असं लिहिलेलं असतं. ज्या इन्स्पेक्टरने पहिलं पान सोडलं तो दुसऱ्या पानापर्यंत पोचत नाही.

दादांनी मोठ्याने वाचलं: "ह्या खेळात सगळे खेळाडू एकाच बाजूला असतात. वादळ हा एकच शत्रू. दिवा पहाटेपर्यंत टिकला तर सगळे जिंकतात, विझला तर सगळे हरतात. पत्ते एकमेकांना मोकळेपणाने दाखवावेत व द्यावेत."

डॉक्टरांनी हळूच खुर्ची टेबलाकडे वळवली.

"तुझ्या बापाला विचार," दादा म्हणाले, "पहिलं पान का नाही वाचलं?"

"पहिल्या पानावर कधी काही नसतं," हेडक्लार्क पुटपुटले. कान लाल झाले होते. आपल्या हातातले तेलाचे तीन पत्ते त्यांनी टेबलावर उताणे ठेवले तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. "तीन! आणि जहाज बुडत होतं तेव्हा तोंड पाडून बसला होतात!"

दुसरा डाव मात्र निराळा झाला. पत्ते सगळे उघडे. डॉक्टरांनी फळ्या दिल्या, बायकोने दोरखंड दिला, मुलीने नाव दोनदा किनाऱ्याला आणली. दादा खुर्ची ओढत ओढत कधी टेबलाच्या मध्यावर आले ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. वादळाचा आकडा वाढत होता, तसा त्यांचा आवाजही. "तेल आत्ता नको, दाब चढू दे... थांब... आता टाक! अरे टाक ना फासा, बघतोस काय!"

हे शेवटचं वाक्य त्यांनी मध्यस्थ पुतणीला वगळून सरळ समोर टाकलं होतं. हेडक्लार्कांनी हुकूम आल्यासारखा फासा टाकला, आणि मग दादा कुणाशी बोलले ते त्यांच्या लक्षात आलं. दादांच्याही लक्षात आलं. ते चष्मा काढून पुसत बसले.

पहाटेला एकच फेरी उरली असताना तेल संपलं. मुलीने पिवळा गोळा पुन्हा खोक्यात टाकला. जहाज पुन्हा बुडालं. आता दोष कुणाला द्यायचा ते कुणालाच कळेना. हेडक्लार्कांना तर जबाबदारी निश्चित केल्याशिवाय झोप येत नाही. त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, पण प्रत्येकाने आपलं सगळं देऊन टाकलं होतं.

दादा उठले. "चहा छान होता," ते धाकट्या भावजयीला म्हणाले. पुतणीच्या डोक्यावर टपली मारली. डॉक्टरांना नमस्कार केला. हेडक्लार्कांच्या डाव्या खांद्यावरून मीटर असल्यासारखं भिंतीकडे बघितलं, नियमपुस्तिका बगलेत मारली आणि वर निघून गेले.

"पुस्तक घेऊन गेले," मुलगी म्हणाली.

"नेऊ देत," हेडक्लार्क म्हणाले. त्यांनी पत्ते गोळा केले, फासे कापडाने पुसले, सगळं पुन्हा खोक्यात नीट लावलं. वाईट वाटत होतं ते वाटतच होतं. दीड वर्ष ज्या खोक्याची वाट बघितली, तो येऊन, खेळून, संपून गेला होता, आणि आता वाट बघायलाही काही उरलं नव्हतं. बायकोने एकदा विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही." तिने पुन्हा विचारलं नाही; खोका तेवढा कपाटात न ठेवता टेबलावरच राहू दिला.

सकाळी हेडक्लार्क डबा घेऊन ऑफिसला निघाले. जिन्यात दाताचे डॉक्टर भेटले. तळमजल्यावरच्या दोन बाया तक्रार घेऊन चिटणिसांची वाट बघत उभ्या होत्या, लिफ्टवाला होता, पेपर टाकणारा होता. हेडक्लार्क पायरीवर थांबून गंभीरपणे म्हणत होते, की पाण्याच्या टाकीबाबत आपला अर्ज प्राप्त झाला असून तो विचाराधीन आहे. तेवढ्यात वरून, अख्ख्या जिन्यात घुमेल असा, बॉयलरच्या आवाजावर मात करायला शिकलेला आवाज आला.

"ए बारक्याऽऽ!"

सगळ्यांनी वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून दादा वाकले होते. बनियनवर, हातात पुस्तक.

"अरे गाढवा, चित्राखालचं वाचलंस का तू? चित्राखालचं! तेल संपलं तरी वात एक फेरी जळते म्हणून लिहिलंय इथे! एक फेरी! पहाट झाली होती रे! आपण जिंकलो होतो काल!"

परिपत्रकांत चित्रं नसतात. त्यामुळे चित्राखाली कुणी काही लिहीत असेल हे हेडक्लार्कांच्या गावीही नव्हतं. ते डबा धरून उभे राहिले.

"बघतोस काय? ये वर! दाखवतो!"

दोन्ही बाया एकमेकींकडे बघत होत्या. लिफ्टवाल्याने लिफ्ट थांबवून धरली होती. दाताच्या डॉक्टरांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "बारक्या कोण?"

"मी," चिटणीस म्हणाले. डबा डॉक्टरांच्या हातात देऊन ते दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर निघाले.